चित्राचा रंग बदलतांना

आमच्या शाळेच्या वार्षिकांत जीं छायाचित्रें आपण पाहतां, तीं छापखान्याकडे जाण्यापूर्वीं स्वच्छ करण्याचें व त्यांचे रंग जुळविण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें आमच्याकडे आहे. आम्ही चित्रकला शिकवितों; तेव्हां रंगांचें म्हणून जें कांहीं काम निघेल तें आमच्याच वांट्यास यावें, हें ओघानेंच आलें. परंतु पूर्वीं जें काम कुंचल्यानें व रंगाच्या वड्यांनीं करावयाचें, तें आतां संगणकावर करावें लागतें. हें काम करितांना ज्या गोष्टी आमच्या ध्यानांत आल्या, त्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडाव्या, असें आम्हांस बरेच दिवस वाटत होतें. यंदा संपादकांनीं कांहीं पानें मोकळीं ठेविलीं, म्हणून हा योग आला.

प्रथम साधनांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आमच्या खोलींत तीन जुने संगणक आहेत. नव्या व महागड्या प्रणालींचा भार सोसण्याची शक्ति त्यांत उरलेली नाहीं, म्हणून त्यांवर लिनक्स बसविलें आहे. फिनलंड देशांतील हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढें ठेविला. त्यापूर्वीं १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ नांवाचा उपक्रम जाहीर केला होता. सॉफ्टवेअर प्रत्येकास वापरतां यावें, उघडून पाहतां यावें, सुधारतां यावें व शेजाऱ्यास देतां यावें, हें त्या उपक्रमाचें ब्रीद होय. चित्रांसाठीं आम्ही जें सॉफ्टवेअर वापरतों त्याचें नांव गिंप. तेंही विद्यार्थ्यांच्याच हातचें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघांनीं १९९५ सालीं तें रचावयास घेतलें आणि १९९६ सालीं लोकांस दिलें. पुढें अनेक देशांतील मंडळींनीं त्यांत भर घातली, आणि २०२५ सालच्या मार्च महिन्यांत त्याची तिसरी मोठी आवृत्ति बाहेर पडली. याला दाम पडत नाहीं हें ऐकून कांहीं पालक शंकित होतात. फुकटची वस्तु हलकीच असावयाची, असा त्यांचा अनुभव. परंतु ज्या वस्तूवर हजारों हात निरपेक्ष बुद्धीनें राबले आहेत, तिचें मोल पावतीवरच्या आंकड्यावरून ठरवूं नये.

आतां संगणकांतील चित्र म्हणजे काय तें पाहूं. गिंपमध्यें एखादें छायाचित्र उघडून तें आठपट मोठें करावें. डोळे, नाक, झाडाचें पान हें सारें नाहींसें होऊन लहान लहान चौकोन तेवढे दिसूं लागतात. प्रत्येक चौकोनास एकच रंग असतो, आणि तो रंग संगणकास तीन आंकड्यांनीं ठाऊक असतो : लाल किती, हिरवा किती व निळा किती. प्रत्येक आंकडा सामान्यतः ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही शून्य असले तर काळें. तिन्ही २५५ असले तर पांढरें. तिन्ही सारखे पण मधलेच असले तर राखी. यांतून एकंदर १,६७,७७,२१६ रंग सिद्ध होतात. येथें विद्यार्थ्यांस एक गोष्ट हटकून चमत्कारिक वाटते. लाल २५५, हिरवा २५५ व निळा ० असे आंकडे घातले, तर पडद्यावर स्वच्छ पिवळा रंग उमटतो! वर्गांत तर लाल व हिरवा रंग कालविला म्हणजे मातकट कांहीं तरी होतें. याचें कारण असें कीं, वड्यांचे रंग उजेड गिळतात, तर पडद्याचे रंग उजेड देतात. गिळणारे दोघे एकत्र आले तर अंधार वाढतो. देणारे दोघे एकत्र आले तर प्रकाश वाढतो.

ही तीन रंगांची युक्ति संगणकानें शोधलेली नव्हे. १८६१ सालच्या मे महिन्यांत लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं एका चौकड्याच्या फितीचें रंगीत चित्र पडद्यावर दाखविलें. थॉमस सटन यांनीं त्या फितीचीं छायाचित्रें निरनिराळ्या रंगांच्या गाळण्यांतून घेतलीं होतीं, आणि तीं लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशानें एकावर एक टाकतांच फितीचे रंग अवतरले. गंमत अशी कीं, त्या काळच्या कांचा लाल प्रकाशास जवळ जवळ आंधळ्याच होत्या. मग लाल रंग उमटला कसा? शंभर वर्षांनीं संशोधकांस त्याचा उलगडा झाला : त्या फितीचें लाल कापड डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरणही परावर्तित करीत होतें, व ते त्या कांचांनीं टिपले. आपल्याकडेही याच तत्त्वाची दुसरी बाजू घरोघरच्या भिंतींवर लोंबत होती. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें हलविला. तेथें लक्ष्मी-सरस्वतींचीं चित्रें छापतांना प्रत्येक रंगासाठीं निराळी शिळा लागे, आणि एकाच कागदावर त्या शिळा एकामागून एक उमटवीत. एखादी शिळा केसभर सरकली तर देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर जावयाचा! आज आपलें हें वार्षिकही निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाईंनीं छापलें जातें. तेव्हां चित्राचा रंग बदलणें म्हणजे या थरांचें प्रमाण बदलणें, एवढेंच तें रहस्य.

ज्यांस हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं झेंडूच्या फुलाचें चित्र घ्यावें. गिंपमध्यें ‘रंगानें निवड’ करण्याचें हत्यार आहे. तें फुलावर टेकविलें कीं त्या रंगाचा सारा भाग निवडला जातो. मात्र फुलाचा रंग एकच नसतो. उन्हाची पाकळी निराळी, सावलींतली निराळी. म्हणून किती फरक चालवून घ्यावयाचा याची मर्यादा ठरवून द्यावी लागते. ती फार थोडी ठेविली तर अर्धें फूल सुटतें. फार मोठी ठेविली तर शेजारची विटाही फुलांत मोडते. निवड झाली म्हणजे कडा किंचित् मऊ कराव्या व ‘कलर्स’ या यादींतील ‘ह्यू-सॅच्युरेशन’ ही आज्ञा उघडावी. ह्यू म्हणजे रंगाची जात. सगळे रंग एका वर्तुळावर बसविले आहेत असें समजा : ० अंशावर लाल, ६० वर पिवळा, १२० वर हिरवा, १८० वर आकाशी, २४० वर निळा व ३०० वर किरमिजी. झेंडू तिसाच्या आसपास असतो. कांटा १८० अंश फिरविला कीं नारिंगी झेंडू निळा होतो. आणि पाकळ्यांचा उजेड-अंधार जशाचा तसा राहतो, म्हणून तो खऱ्या फुलासारखाच वाटतो. याउलट कित्येक मुलें बादलीचें हत्यार घेऊन त्यावर निळा रंग ओततात. मग फुलाचें फूलपण जाऊन कागदाचें कातरकाम तेवढें उरतें.

याच ठिकाणीं नवशिक्यांस एक अडचण भेटते. गणवेशाचा पांढरा सदरा लाल करावा म्हणून ते ह्यूचा कांटा वर्तुळभर फिरवितात, आणि सदरा आपला पांढराच! यंत्र बिघडलें असें त्यांस वाटतें. परंतु पांढऱ्या, काळ्या व राखी रंगांस जातच नसते. मग ती बदलणार कशी? तेथें ‘कलराइझ’ ही निराळी आज्ञा लागते. ती प्रथम रंग देते, व मग उजळपणा उतरवावा लागतो, कारण अगदीं शुभ्र ठिकाणीं रंगास बसावयास जागाच नसते.

चित्रें शंभर असलीं आणि सर्वांस एकच संस्कार करावयाचा असला, तर माऊस हातीं धरून बसण्यांत अर्थ नाहीं. त्यासाठीं इमेजमॅजिक नांवाचें जुनें व विश्वासू साधन आहे. जॉन क्रिस्टी यांनीं तें १९८७ सालीं लिहावयास घेतलें व १९९० सालीं सर्वांस खुलें झालें. त्याला ना चित्रांची पेटी, ना बटनें. काळ्या खिडकींत एक ओळ लिहावयाची कीं झालें. ‘मॉड्युलेट’ या शब्दापुढें तीन आंकडे द्यावे : उजळपणा, रंगाचा गडदपणा व रंगाची जात. तिन्ही ठिकाणीं १०० लिहिलें तर कांहींच बदलत नाहीं. मधला आंकडा १२० केला तर रंग पंचमांशानें गडद होतात. त्याच घरांत ‘मॉग्रिफाय’ नांवाची एक बहीण आहे, ती मात्र मूळ चित्रावरच लिहिते. तिला बोलाविण्यापूर्वीं चित्रांची दुसरी प्रत निराळ्या जागीं ठेवावी, हें आम्ही प्रत्येक मुलाकडून तीन वेळां म्हणवून घेतों.

मूळ प्रत जपण्याचा हा आग्रह कां, हें रंगीत चित्र काळें-पांढरें करून पाहिलें म्हणजे नीट समजतें. तीन आंकड्यांचा एक आंकडा करावयाचा. तिन्हींची नुसती सरासरी घेऊन भागत नाहीं. आपल्या डोळ्यांस हिरवा प्रकाश फार उजळ व निळा फार मंद दिसतो, म्हणून हिशेबांत हिरव्यास सुमारें बहात्तर, लालास एकवीस व निळ्यास सातच वांटे दिले जातात. या हिशेबांत तांबडें जास्वंद व त्याचें हिरवें पान पुष्कळदां एकाच राखी छटेचीं होऊन बसतात. तीनांचा एक करणें सोपें; त्या एकापासून पुन्हां पहिले तीन मिळविणें अशक्य. जें टाकलें तें गेलें. मग जुने चित्रपट रंगीत कसे होतात, असें मुलें विचारतात. ‘मुघल-ए-आझम’ १९६० सालीं प्रदर्शित झाला तेव्हां त्याचा बहुतेक भाग काळा-पांढरा होता. २००४ सालीं तो सबंध रंगीत होऊन पुन्हां आला. तेथें राखी छटांत दडलेले रंग कोणी खणून काढले नव्हते. माणसांनीं शोध घेऊन, ठरवून, ते संगणकाकडून भरविले होते. आतां तर असा रंग क्षणांत भरून देणारीं साधनें निघालीं आहेत. तीं लाखों चित्रें पाहून तर्क करितात कीं, आकाश बहुधा निळें असावें, गवत बहुधा हिरवें असावें. पण तुमच्या आजोबांचा फेटा कोणत्या रंगाचा होता, हें त्यांस कोण सांगणार?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका आजींनीं दिलें. सातवींतील एका मुलाच्या त्या आजी. नातवाचा हात धरून त्या आमच्या खोलींत आल्या व पिशवींतून १९७८ सालचें आपल्या लग्नाचें रंगीत छायाचित्र काढून टेबलावर ठेविलें. सारें चित्र टोमॅटोसारखें तांबडें झालें होतें. त्या काळच्या रंगीत कागदावर पिवळा, किरमिजी व आकाशी अशा तीन रंगद्रव्यांचे थर असत. पुष्कळ कागदांवर, अल्बममध्यें मिटून ठेविले तरीही, त्यांतला आकाशी रंग सर्वांच्या आधीं विरतो. मागें उरतो तो तांबडेपणा. अशा वेळीं गिंपमधील ‘लेव्हल्स’ ही आज्ञा उपयोगी पडते. तींत लाल, हिरवा व निळा या तिन्ही थरांचे आलेख निरनिराळे दिसतात. जो थर आंखडला असेल तो दोन्हीं टोकांपर्यंत ताणावयाचा. आम्हीं तसें केलें. हळू हळू नवरदेवाचा सदरा पांढरा झाला, दारावरचें आंब्याचें तोरण हिरवें झालें, आणि नवरीच्या अंगावरील शालू गर्द निळा दिसूं लागला. नातू टाळ्या पिटूं लागला. आजी मात्र पुढें वांकून पाहत म्हणाल्या, “सर, हा शालू निळा नव्हे. वांगी रंगाचा होता. आमच्या ह्यांनीं दुकानांत उभं राहून निवडलेला.”

आम्ही यंत्राकडे पाहिलें. यंत्राचा हिशेब चोख होता. पण जो रंग कागदावरून पार उडून गेला, त्याचा हिशेब यंत्र कशावरून मांडणार? आम्हीं आजींस विचारलें, “वांगी म्हणजे कितपत वांगी?” त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्या एक गोधडी घेऊन आल्या. शालू विरल्यावर त्याचे तुकडे त्यांनीं त्या गोधडींत घातले होते. वरची बाजू धुवून धुवून फिकी पडली होती. पण त्यांनीं कातरीनें एका कडेची शिवण दोन बोटें उसविली, आणि आंतल्या घडींत तो रंग, कित्येक वर्षें उजेड न लागलेला, जसाच्या तसा होता. आम्हीं तो तुकडा खिडकीच्या उजेडांत धरिला, शालूची निवड केली, आणि आजी ‘आणखी थोडा, आणखी थोडा’ म्हणत राहिल्या तसा ह्यूचा कांटा सरकवीत गेलों. एका ठिकाणीं त्या ‘हां’ म्हणाल्या. आजोबांस जाऊन तीन वर्षें झालीं होतीं, हें नातवानें आम्हांस नंतर सांगितलें.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. रंग बदलणें म्हणजे गेलेली वस्तु परत आणणें, असें आम्हांस वाटूं लागलें होतें. परंतु प्रत्येक मागणी अशी नसते.

गतवर्षीं स्नेहसंमेलनानंतर एके दिवशीं दहावींतील एक विद्यार्थिनी आमच्या खोलीच्या दाराशीं घुटमळत उभी राहिली. आंत ये म्हटल्यावर खालीं पाहत म्हणाली, “सर, समूहगीताच्या फोटोत मला थोडं उजळ करता येईल का?”

“कां बरें?”

“सगळ्यांत मीच काळी दिसते. आईसुद्धां म्हणाली, सरांना विचारून बघ. नाहीं जमलं तर मला त्यांतून काढूनच टाका.”

मनुष्यास चित्रांतून काढून टाकणें हें आजकाल दोन मिनिटांचें काम आहे. चेहरा उजळविणें त्याहून सोपें : चेहऱ्याभोंवतीं रेघ ओढावी, एक कांटा सरकवावा, संपलें. कांहीं फोन तर न विचारतांच तसें करितात. पण पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी स्वतःच्या शाळेच्या वार्षिकांतून स्वतःस पुसून टाकण्यास तयार झाली आहे, हें आम्हांस त्या दोन मिनिटांत उरकण्यासारखें वाटलें नाहीं. आम्हीं तिला शेजारीं बसविलें.

गिंपमध्यें एक हत्यार असें आहे कीं, तें चित्रांतील कोणत्याही जागीं टेकविलें तर तेथील तीन आंकडे सांगतें. तें आम्हीं समूहगीताच्या चित्रांत तिच्या गालावर टेकविलें : लाल ९६, हिरवा ६४, निळा ५१. मग क्रीडांगणावरचें तिचेंच चित्र उघडलें. गाल तोच, आंकडे १८८, १३४ व १०६. मग वृक्षारोपणाचें चित्र काढलें. त्यांत तिची एक मैत्रीण, जिला सर्व मुली गोरी म्हणतात, आंब्याच्या दाट सावलींत उभी होती. तिचा गाल : ९४, ६३, ५०. मुलगी त्या आंकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “सर, मग माझा खरा रंग कुठला?”

आम्हीं म्हटलें, “यांतला एकही आंकडा एकट्या तुझा नव्हे. त्वचा, त्या वेळचा उजेड आणि कॅमेरा या तिघांचा मिळून तो आंकडा होतो.”

मग त्या चित्रांत काय बिघडलें होतें तें तिलाच शोधावयास लाविलें. रंगमंचाच्या मागें पांढरा पडदा होता. कॅमेरा सामान्यतः असें धरून चालतो कीं, समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम राखी असावयाचें. समोर बहुतेक पांढरेंच आलें म्हणजे त्याला वाटतें, उजेड फार झाला. आणि तो सबंध चित्र दबवितो. पांढरा पडदा राखी होतो आणि सांवळे चेहरे अंधारांत जातात. त्यांत वरच्या नळीच्या दिव्यांची हिरवट झांक पडली होती. दोष मुलीच्या वर्णांत नव्हता. तो हिशेबांत होता. आम्हीं ‘कर्व्हज्’ या आज्ञेंतील रेघ अंधाराच्या बाजूनें थोडी वर उचलली, व भिंतीच्या राखी पट्ट्यावर राखीचा नेमक ठेवून हिरवट झांक काढिली. हें सर्व सबंध चित्रास केलें. एकट्या तिला नव्हे. पहिल्या रांगेंतील मुलाच्या डोळ्यांतली चमक दिसूं लागली, पेटीवाल्या मुलीचीं बोटें दिसूं लागलीं, आणि ही मुलगी सांवळीच राहिली. पण आतां ती गातांना किंचित् हंसत होती हें दिसत होतें. ‘मला काढा’ हा शब्द तिनें पुन्हां उच्चारला नाहीं.

हा हिशेब जगांत मोठ्या प्रमाणावर चुकलेला आहे, हेंही पालकांस माहीत असावें. कोडॅक कंपनी रंगीत छपाईचा मेळ बसविण्यासाठीं प्रयोगशाळांस एक नमुन्याचें चित्र पाठवीत असे. त्यावर एक गोरी स्त्री असे, आणि तिचा वर्ण ठीक उतरला म्हणजे यंत्र ठीक, असें समजत. त्या चित्रास ‘शर्ली कार्ड’ हें नांव पडलें. कॅनडांतील लॉर्ना रॉथ या अभ्यासिकेनें २००९ सालीं यावर सविस्तर लेख लिहिला. सांवळ्या व काळ्या त्वचेच्या छटा त्या फिल्मवर नीट उमटत नसत. आणि त्यांत सुधारणा होण्यास, त्यांच्या लेखाप्रमाणें, चॉकलेट करणारांच्या व लांकडी सामान विकणारांच्या तक्रारींचाही हातभार लागला, कारण त्यांच्या मालाच्या गडद छटा चित्रांत वेगळ्या ओळखूं येत नव्हत्या. मनुष्यांच्या चेहऱ्यांपेक्षां लांकडाच्या रंगाची दाद आधीं लागावी, हें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. नंतर निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलीं कार्डें निघालीं. पण दुसऱ्यांस नांवें ठेवण्याचा आपणांस काय अधिकार? ज्या महाराष्ट्रानें आपल्या पंढरीच्या देवास कौतुकानें ‘सांवळा’ म्हणून आळविलें, त्याच महाराष्ट्रांत मुलीच्या वर्णाविषयीं घरचीं माणसें तिच्यादेखत कुजबुजतात. ती कुजबुज पुसण्याची आज्ञा कोणत्याही यादींत नाहीं.

पालक-दिनीं त्या मुलीची आई आली. भिंतीवर समूहगीताचें चित्र लाविलें होतें. त्या कितीतरी वेळ त्यासमोर उभ्या होत्या. आम्हांस वाटलें, उजळ केलें नाहीं म्हणून रागावल्या असाव्या. त्या वळून एवढेंच म्हणाल्या, “हिची आजी अगदीं अशीच दिसायची हो.”

या अनुभवांवरून आम्हीं आमच्या खोलीपुरते तीन नियम केले आहेत व ते दारावर लाविले आहेत. पहिला, मूळ चित्र कधींही बदलावयाचें नाहीं. काम करावयाचें तें प्रतीवर. दुसरा, उजेडाचा दोष काढावयाचा तो सबंध चित्राचा. एका चेहऱ्यास निराळा कांटा लावावयाचा नाहीं. तिसरा, जेथें रंग आठवणीनें किंवा अंदाजानें भरला असेल, तेथें चित्राखालीं तसें लिहावयाचें. आजींच्या चित्रामागें त्यांच्या नातवानें स्वतःच्या अक्षरांत लिहिलें आहे : ‘शालूचा रंग आजीनें सांगितला, गोधडीवरून.’ यंत्राच्या हिशेबापेक्षां ही नोंद आम्हांस अधिक मोलाची वाटते. कारण पुढें पन्नास वर्षांनीं तें चित्र पाहणारास कोणता रंग कोठून आला हें कळेल.

निळा झेंडू करावा, हिरवा घोडा करावा, आकाश तांबडें करावें. त्यांत कोणाची फसवणूक नाहीं, उलट कल्पनेस पंख फुटतात. विद्यार्थ्यांनीं हे खेळ पोटभर खेळावे. मात्र जेथें पाहणारा चित्रास साक्षीदार मानतो, तेथें हात आवरावा. आणि कोणी मूल आपला चेहरा बदलून मागूं लागलें, तर कांट्यास हात घालण्यापूर्वीं त्या मुलाशीं थोडें बोलावें, एवढीच आमची शिक्षकांस व पालकांस विनंती आहे.

शनिवारीं शाळा सुटल्यावर आमची खोली दोन तास उघडी असते. घरीं रंग उडालेलीं चित्रें असतील तर विद्यार्थ्यांनीं खुशाल आणावीं. फक्त चित्राबरोबर, जमेल तर, ज्यांस ते रंग आठवत असतील अशा वडील माणसांसही आणावें. संगणक तीन आहेत व खुर्च्या सहाच आहेत. पण शेजारच्या वर्गांतून बाकें आणतां येतील.